ऋतुसंधीचे चौदा दिवस

माघ सरत आला की कोथरूडमध्ये एकाच दिवसात दोन ऋतू नांदू लागतात. पहाटे म्हातोबाच्या टेकडीवर फिरावयास निघालेल्यांच्या अंगात स्वेटर आणि डोक्यास कानटोपी असते. तीच मंडळी दुपारी पौड रस्त्याच्या कडेने सावली शोधीत चालताना दिसतात. टेकड्यांवरील गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात, पळस व पांगारा लाल होतात. निसर्गाचा हा पालट मनोहर असला, तरी सर्दी, खोकला व ताप यांचे रुग्णही याच दिवसांत घरोघरी आढळतात. ऋतू बदलतो तेव्हा शरीरालाही बदलावे लागते आणि त्यास काही अवधी हवा असतो. हा अवधी त्यास मिळवून देणे, हेच या काळातील आरोग्यरक्षणाचे सूत्र होय.

पुण्याचा संधिकाल

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र-वैशाखात येतो. पुण्यात मात्र वैशाख हा कडक उन्हाळ्याचा महिना असतो. हवामान खात्याच्या वर्गीकरणात तर वसंतास वेगळे स्थान नाही. जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा आणि मार्च ते मे हा उन्हाळा मानला जातो. थंडी ओसरण्याचा खरा संधिकाल पुणेकरांना फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत अनुभवावयास मिळतो. या दिवसांत पहाटेच्या व दुपारच्या तापमानात सुमारे २० अंश सेल्सिअसचा फरक पडू शकतो.

हा संधिकाल अलीकडे आखूड होत असल्याची चिन्हे आहेत. २०२३ सालच्या फेब्रुवारीतील देशाचे सरासरी कमाल तापमान हे १९०१ पासूनच्या नोंदींत त्या महिन्याचे सर्वाधिक ठरले. ऊन लवकर तापू लागले, म्हणजे शरीरास जुळवून घेण्यास मिळणारे दिवस कमी होतात. म्हणूनच या काळाकडे पूर्वीपेक्षा अधिक लक्ष देणे अगत्याचे झाले आहे.

दोन शास्त्रांचा एक निष्कर्ष

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून 'ऋतुसंधी' मानला आहे. या चौदा दिवसांत जुना आहारविहार क्रमाक्रमाने सोडावा व नवा क्रमाक्रमाने स्वीकारावा, एकाएकी बदल करू नये, असे तेथे सांगितले आहे. थंडीत साठलेला कफ वसंतातील उन्हाने पातळ होतो, जठराग्नी मंद करतो आणि त्यातून विकार उद्‌भवतात, अशी आयुर्वेदाची उपपत्ती आहे.

आधुनिक शरीरशास्त्राची परिभाषा निराळी असली, तरी कालावधीचा हिशेब लक्षणीय आहे. उष्णतेची सवय होण्यास शरीरास साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. या अवधीत घाम लवकर येऊ लागतो, घामावाटे जाणाऱ्या क्षारांचे प्रमाण घटते, रक्तातील द्रवाचा अंश वाढतो आणि हृदयावरील ताण कमी होतो. मात्र त्यासाठी उन्हाशी व श्रमाशी ओळख थोडी थोडी व्हावी लागते. थंडीभर घरात बसून पहिल्याच तापत्या दिवशी भर दुपारी श्रम करणाऱ्यास त्रास होतो, तो याच कारणाने.

आहार

आपल्या सणांच्या क्रमातही हा पालट दिसतो. संक्रांतीस तीळगूळ, बाजरीची भाकरी व लोणी यांना मान असतो. गुढीपाडव्यास कडुनिंबाची कोवळी पाने येतात आणि चैत्रातील हळदीकुंकवास पन्हे व कैरीची डाळ. या दोन टोकांच्या मधले आठवडे आपण सांभाळावयाचे असतात. तेलकट, गोड व पचण्यास जड पदार्थ हळूहळू कमी करावेत. ज्वारी, मुगाचे वरण, भाज्या व ताजे ताक यांचे प्रमाण वाढवावे. पहिल्या उकाड्याबरोबर बर्फाच्या पाण्याकडे न वळता माठातील पाणी प्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. ते शुद्ध असल्याची खात्री नसल्यास उकळून घ्यावे.

वसंतात मध घ्यावा, असे आयुर्वेद सांगतो. परंतु एक वर्षाखालील बालकांना तो मुळीच देऊ नये आणि मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. वमनासारखे उपचार तज्ज्ञ वैद्यांच्या देखरेखीखालीच करावेत.

विहार

वसंतात व्यायाम करावा आणि दिवसा झोपणे टाळावे, हा उपदेश आजही उपयुक्त आहे. फिरण्याची वेळ सकाळी लवकर ठेवावी. गरम कपडे एकदम पेटीत टाकू नयेत. पहाटे वापरावेत व ऊन चढल्यावर उतरवावेत.

चालण्याचे महत्त्व कोथरूडकरांना दूरचे उदाहरण देऊन पटवून द्यावयास नको. शेजारच्या हिंगण्याच्या माळावर १९०० साली आश्रमाची झोपडी उभारणारे महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून हिंगण्यास पायी जात असत. त्यांना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले. त्याचे सारे श्रेय चालण्यास देता येणार नाही. पण नियमित श्रमाचा वस्तुपाठ म्हणून त्यांचे स्मरण उचित ठरते.

रक्तदाबाच्या रुग्णांनी विशेष सावध असावे. रक्तदाब थंडीत काहीसा वाढतो व उष्णतेत उतरतो. त्यामुळे हिवाळ्यात योग्य असलेली औषधाची मात्रा उन्हाळ्याच्या तोंडाशी अधिक ठरून उभे राहताना चक्कर येऊ शकते. मात्रा स्वतः बदलू नये. डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्यावा. उन्हात कोणास भ्रम झाला, शुद्ध हरपली किंवा अंग अतिशय तापले, तर त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मनाची ऋतुसंधी

उत्तर युरोपात हिवाळ्यातील अपुऱ्या प्रकाशाने पुष्कळांचे मन खिन्न होते. पुण्यात सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. त्यामुळे ती अडचण येथे फारशी जाणवत नाही. आपल्याकडे मनावर भार येतो तो दिनदर्शिकेचा. दहावी-बारावीच्या परीक्षा आणि कचेऱ्यांतील मार्चअखेरची कामे नेमकी याच आठवड्यांत येतात. जागरण, चहाचा अतिरेक आणि उकाड्याने मोडलेली झोप यांमुळे चिडचिड वाढते. विद्यार्थ्यांनी रात्र जागविण्याऐवजी पहाटेचा गारवा अभ्यासासाठी वापरावा. पालकांनी दिवसातील एक जेवण तरी मुलांसमवेत, परीक्षेचा विषय न काढता घ्यावे. मुले परगावी वा परदेशी असलेल्या वृद्धांना उन्हामुळे दुपारी घरीच बसावे लागते. शेजाऱ्यांनी त्यांची विचारपूस केल्यास तोही मोठा आधार ठरतो. उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ती ऋतूवर सोपवू नये. शासनाच्या 'टेलीमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये.

ऋतू आपल्या सोयीने बदलत नाहीत. आपली दिनचर्या मात्र आपल्या हाती असते. आहार, वस्त्र, श्रम व झोप यांत चौदा दिवस थोडा थोडा बदल करीत गेल्यास येणारा उन्हाळा सुसह्य होईल. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागतो तो थोडा संयम आणि घरातील सर्वांचे सहकार्य.