नवा अध्यापक आणि पहिल्या वर्षाचा वर्ग

आय.टी.आय.मधील फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. शाळेत शिकवायचे तर अध्यापनाची पदविका किंवा बी.एड. हवी. पण महाविद्यालयात शिकविणाऱ्याने शिकविणे कुठे शिकायचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. नेट-सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनाची अभियोग्यता तपासतात खरी, पण ती पर्यायांवर खुणा करून! जॉब मापात घासता येतो की नाही, हे कोणी चार पर्यायांतून ठरवीत नाही.

आम्ही कामगार चळवळीतले. विद्यार्थी म्हणून महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. तरी हा विषय घेतला, कारण शेलू-नेरळची मुले लोकलने जाऊन ज्या शंभर-सव्वाशेंच्या वर्गात बसतात, तो पुष्कळदा तासिका तत्त्वावरच्या नव्या अध्यापकाच्या वाट्याला येतो. मराठी शाळेतून आलेली मुलगी तिथे अकाउंटन्सी इंग्रजीतून ऐकते. पहिल्या महिन्यात सुटलेला धागा पुढे क्वचितच हाती लागतो.

उमेदवारीची ही कल्पना आपल्याला परकी नाही. पेशवाईतील दक्षिणेच्या निधीतून पुढे इंग्रजी अमदानीत दक्षिणा फेलो नेमीत. स्वतःचा अभ्यास करता करता त्यांनी खालच्या वर्गांना शिकवायचे. रानडे, भांडारकर, आगरकर हे असे फेलो होते. अलीकडे, 2022 साली, विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या नियमांत अध्यापनाचे प्रशिक्षण घातले आणि संशोधकाला आठवड्याला 4 ते 6 तास साहाय्यकाचे काम देण्याची मुभा ठेवली.

नियम झाला. पण काम शिकवायचे कसे? कारखान्यात शिकवितात तसेच. नव्या माणसाने आधी ज्येष्ठाच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे. फळ्याकडे कमी, मुलांच्या वह्यांकडे जास्त पाहावे. मग पंधरा मिनिटे स्वतः शिकवावे आणि ज्येष्ठाने मागे बसावे. चुका सांगायच्या त्या नंतर, चहाच्या कपावर; मुलांदेखत सांगितल्या तर त्या वर्गातला त्याचा शब्द संपला. दहा उत्तरपत्रिका दोघांनी वेगवेगळ्या तपासाव्यात आणि गुणांत फरक पडला की खुशाल भांडावे. खरे शिकणे त्या भांडणात होते. तास संपताना मुलांनी न समजलेली एक गोष्ट चिठ्ठीवर, नाव न घालता, लिहून द्यावी.

आता पैशाचे. तासिकेवरच्या अध्यापकाला फळ्यासमोरच्या तासाचे पैसे मिळतात. दुसऱ्याच्या वर्गात बसण्याचे, चिठ्ठ्या वाचण्याचे नाहीत. ते तास मोबदल्यात धरल्याशिवाय तो थांबणार नाही. दुपारची गाडी पकडून त्याला दुसऱ्या महाविद्यालयातला तास गाठायचा असतो.