निवासी शाळा : कोणाच्या सोयीची?

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की नोकरदार कुटुंबांत एका प्रश्नाची चर्चा हमखास सुरू होते. मुलगा आठवीत गेलेला असतो, अभ्यासात त्याचे लक्ष नसते, तो उलट उत्तरे देऊ लागलेला असतो आणि हातातला मोबाइल सुटत नसतो. आई-वडील दोघेही नोकरीवर. अशा वेळी कोणीतरी सल्ला देतो, "निवासी शाळेत घाला, शिस्त लागेल." मग माहितीपुस्तिका गोळा होतात, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचे हिशेब मांडले जातात आणि एका रविवारी शाळा पाहून येताच निर्णय होतो. दुचाकी घेताना आपण जितकी चौकशी करतो, तितकीही या निर्णयामागे पुष्कळदा नसते. हे मी इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या हातून नेमके हेच घडले.

महाराष्ट्राला वसतिगृहे नवी नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि त्यांना एका पंक्तीत जेवू घातले. या प्रयत्नांमागील हेतू स्वच्छ होता. खेड्यात हायस्कूल नव्हते, शहरात गरिबाच्या मुलाला राहावयास जागा नव्हती आणि जात आडवी येत होती. शिक्षणाच्या वाटेतील हे अडथळे दूर करण्याचे साधन म्हणजे वसतिगृह. आज घराजवळ बरी शाळा असताना आपण मुलाला दूर पाठवितो, तेव्हा कोणता अडथळा दूर होत असतो? तो मुलाच्या वाटेतला की आपल्या? हा प्रश्न प्रत्येक पालकाने प्रथम स्वतःला विचारला पाहिजे.

अर्थशास्त्रात या व्यवहाराचे एक मार्मिक विवेचन आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेव्हा बाजार चांगल्या-वाईटाची निवड नीट करू शकत नाही. २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरविल्या गेलेल्या तिघांपैकी ते एक होत. निवासी शाळेची गोष्ट तर याहूनही अवघड आहे. येथे पैसे देणारा एक आणि उपभोग घेणारा दुसरा. मोटार बिघडली तर निदान तिचा आवाज येतो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मात्र बिनसले असताही गप्प राहू शकतो.

माझ्या मुलाची शाळा देखणी होती. क्रीडांगण विस्तीर्ण, ग्रंथालय प्रशस्त, कार्यालयातील माणसे आर्जवी. दर रविवारी दूरध्वनीवर मुलगा सांगे, "मी ठीक आहे, बाबा." पाच महिने तेच वाक्य आणि तोच सूर. आम्हाला वाटले, मुलगा रुळला. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला. पहिल्याच रात्री त्याची आई पांघरूण सारखे करावयास गेली, तेव्हा तो दोन्ही हात डोक्यावर धरून उठून बसला. पुढील आठ दिवसांत सारे थोडेथोडे उलगडत गेले. दूरध्वनी पर्यवेक्षकांच्या टेबलावर होता आणि बोलणे त्यांच्यासमोरच करावे लागे. रात्री दिवे मालवल्यावर वरच्या वर्गातील मुले खोल्यांत शिरून धाकट्यांना मारीत. व्यवस्थापनाकडे तक्रार केली, तेव्हा उत्तर मिळाले, "मुले यातूनच घडतात."

यानंतरची गोष्ट सांगताना संकोच वाटतो. वर्षाचे शुल्क आगाऊ भरलेले होते आणि ते परत मिळणार नव्हते. एकदा बुडालेला खर्च पुढील निर्णयात धरू नये, हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवितो. तरीही त्या रकमेकडे पाहून मी मुलाला सुट्टी संपताच परत पाठविले. "एवढे सत्र काढ," असे त्याला सांगितले. तीन आठवड्यांनी जाऊन त्याला घेऊन आलो. शुल्क गेले त्याची आज खंत नाही. खंत आहे ती त्या तीन आठवड्यांची.

याचा अर्थ निवासी शाळा मुळातच वाईट, असा नव्हे. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीचे. परीक्षेद्वारे सहावीत प्रवेश, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि राहणे-जेवणे विनामूल्य, या व्यवस्थेने कित्येक शेतमजुरांची मुले महाविद्यालयापर्यंत पोहोचली आहेत. त्यांपैकी काही माझ्या वर्गात बसली आहेत. १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झालेली सैनिकी शाळा देशातील पहिली. तेथे जाणाऱ्या मुलापुढे निश्चित ध्येय असते. जेथे हेतू स्पष्ट असतो आणि मूल आपल्या इच्छेने जाते, तेथे घरापासूनचा दुरावा त्याला बळ देऊ शकतो. घरी आवरेनासे झालेले मूल दुरुस्तीस टाकावे तसे पाठविणे ही गोष्ट वेगळी.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. रात्री मुलांजवळ कोण राहते आणि एका पर्यवेक्षकाकडे किती मुले असतात? मुलाला कोणाच्याही उपस्थितीवाचून घरी बोलता येते काय? आजारी मुलाला कोठे ठेवतात आणि पालकांना केव्हा कळवितात? गेल्या वर्षी मध्येच किती मुले शाळा सोडून गेली आणि का? शुल्क परतीचा नियम लेखी आहे काय? मराठी माध्यमातला मुलगा नववीत एकदम इंग्रजी माध्यमात गेला, तर त्याला आधार कोण देणार? शाळा रविवारी पाहू नये. एखाद्या साध्या वारी, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जावे आणि संचालकांपेक्षा मुलांशी बोलावे.

कायदाही आपल्या बाजूस आहे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा तर अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर तो कळविण्याचे बंधनच घालतो. परंतु मुलाने तोंड उघडले तरच कायद्याला जाग येते. मुलाने तोंड उघडावे, यासाठी घरी आपले कोणी ऐकून घेते, हा अनुभव त्याला आधीपासून असावा लागतो.

माझा मुलगा आता गावातील साध्या शाळेत जातो. गुण मध्यम आहेत, उलट उत्तरेही देतो. मध्यंतरी त्याने विचारले, "बाबा, मला पाठवायच्या आधी तुम्ही मला का नाही विचारले?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्यांचा निर्णय अजून व्हावयाचा आहे, त्या पालकांनी माहितीपुस्तिका मिटून ठेवावी आणि आज रात्री जेवताना हा एक प्रश्न मुलाला जरूर विचारावा.