बशीतील दहा रुपये

गेल्या मे महिन्यात डिचोलीच्या एका उपाहारगृहात आम्ही भाजीपाव खाल्ला व पैसे मोबाइलवरून चुकते केले. वाढणाऱ्या तरुणासाठी म्हणून दहा रुपये अधिक घातले आणि तसे त्याला सांगितले. तो हसून हळूच म्हणाला, "सर, ते मालकाक गेले."

त्याचे म्हणणे खरे होते. मेजावर चिकटवलेला क्यूआर कोड काय किंवा कार्डाचे यंत्र काय, दोन्ही बहुधा मालकाच्या खात्याशी जोडलेली असतात. आपली बक्षिसी पदार्थांच्या किमतीत मिसळून तिकडे जाते. कार्डावर तर बँक आपले शुल्क एकूण रकमेवर कापते, म्हणजे बक्षिसीवरही! सज्जन मालक रात्री हिशेब करून ती वेगळी काढतो. परंतु पेडण्यातील हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर हंगामापुरती आलेली परप्रांतीय माणसे पावसाआधी गावी परततात. मागे राहिलेला हिशेब त्यांनी कोणाकडे मागावा? बडीशेपेच्या बशीत ठेवलेली नोट तत्काळ हाती पडते. (आत भांडी घासणाऱ्याला तिच्यातून काही मिळते काय, हा प्रश्न उरतोच. सामाईक पेटी असेल तेथे मिळते.)

बिलातच छापून येणारा 'सर्व्हिस चार्ज' निराळा. तो सक्तीने लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली बजावले व दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली ते उचलून धरले.

त्या दिवशी आमच्या खिशात सुटे नव्हते. पुढील आठवड्यात दहाची नोट घेऊन मुद्दाम गेलो, तर तो तरुण गावी निघून गेला होता.