लाकडावरचा ग्लेझ : लावायचा आणि पुसायचा रंग

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील वस्तुसंग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट जतन केलेली आहे. जुन्या वाड्यांच्या दारांवरही असे कोरीवकाम तुम्ही पाहिले असेल. वर्षानुवर्षे हात लागून नक्षीचा उंच भाग उजळतो, तर खोलगट भागात धूळ व तेलकटपणा साचून तो काळपट होतो. त्यामुळे नक्षी उठून दिसते.

नव्या लाकडावर हाच परिणाम साधण्यासाठी 'ग्लेझ' देतात. ग्लेझ म्हणजे खालचे लाकूड दिसेल इतका पातळ रंग. तो लावून लगेच पुसतात. खाचांत उरतो, तेवढाच कामाचा!

हा रंग कोऱ्या लाकडावर लावला तर? लाकडात असंख्य सूक्ष्म नलिका असतात. केशाकर्षणामुळे रंग त्यांत शिरतो, डाग पडतात आणि ते पुसून निघत नाहीत. म्हणून या नलिकांची तोंडे आधी बंद करायची. त्यासाठी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे दोन हात देतात. पळस, बोर अशा झाडांवरील लाखेच्या किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेचाच हा चपडा.

खरी मेख पुढेच आहे. ग्लेझही स्पिरिटमध्ये कालवला, तर तो खालचा चपडा विरघळवील. टर्पेंटाइनमध्ये मात्र चपडा विरघळत नाही. म्हणून थोडा तपकिरी तैलरंग, उकळलेले जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचा ग्लेझ करतात.

शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. एक फळी काचकागदाने घासा. तिच्या अर्ध्या भागावरच चपड्याचे दोन हात द्या. ते वाळल्यावर सगळ्या फळीवर ग्लेझ लावा आणि कापडाने पुसा. एका बाजूचा रंग सहज निघेल, दुसऱ्या बाजूचा निघणार नाही. का, ते आता तुम्हीच सांगाल.

दोन गोष्टी विसरू नका. स्पिरिट व टर्पेंटाइन ज्वालाग्राही आहेत. जवळ विस्तव नको. जवसाचे तेल वाळते ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून, आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलकट कापडाचा बोळा करून ठेवला, तर उष्णता आत कोंडून तो आपोआप पेटू शकतो. म्हणून असे कापड बाहेर मोकळ्या जागी पसरून वाळवा.

आणि हा प्रयोग नव्या फळीवरच करा. जुन्या चौकटीवरचा काळपटपणा हा तिचा इतिहास आहे. त्याला हात लावू नका.