क्वांटम संगणकाची जडणघडण
लेखांक सहावा : अवस्था न वाचता दोषाचा शोध

एका क्यूबिटातील माहिती नऊ क्यूबिटांत विखरून ठेवण्याची जी युक्ती पीटर शोर यांनी 1995 साली प्रसिद्ध केली, तिचा परिचय मागील लेखांकात झालाच आहे. त्या युक्तीने एका मोठ्या शंकेचे निरसन झाले खरे. तथापि जाणत्या भौतिकशास्त्रज्ञांचे मन तेवढ्याने निःशंक झाले नाही, आणि पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेल्या सर्ज आरोश यांनी ज्यां-मिशेल रेमों यांच्यासमवेत 1996 साली लिहिलेल्या लेखात, क्वांटम संगणन हे स्वप्न म्हणावे की दुःस्वप्न, असा रोकडा सवाल केला. अशा वातावरणात, कॅलिफोर्नियातील कॅल्टेक या संस्थेत जॉन प्रेस्किल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणाऱ्या डॅनियल गॉट्समन या विद्यार्थ्याने 1997 साली आपला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. माझ्या मते त्या प्रबंधाची योग्यता एखाद्या नव्या यंत्राच्या शोधाहून तिळमात्र कमी नाही.

मुळातली अडचण दुहेरी आहे. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे 1982 सालीच सिद्ध झालेले. आणि अवस्था पाहू गेले असता पाहण्यानेच ती मोडते. मग दोष शोधावा कसा? गॉट्समन यांनी अवस्थेचे वर्णन करण्याचा खटाटोपच बाजूस ठेवला, आणि ज्या क्रियांनी ती अवस्था यत्किंचितही बदलत नाही त्या क्रियांची यादी हीच तिची ओळख मानली. हिशेबतपासनिसाने रकमेचा एकही आकडा न वाचता दोन वह्यांचा मेळ बसतो की नाही एवढेच विचारावे, तशी ही तजवीज आहे. या क्रियांच्या संचाला स्टॅबिलायझर असे नाव आहे.

पाच क्यूबिटांचा संकेत याचे सर्वांत देखणे उदाहरण होय. हा संकेत इतरांनी आधीच शोधला होता. परंतु स्टॅबिलायझरच्या भाषेत तो अवघ्या चार ओळींत मावतो. एक्स म्हणजे शून्य व एक यांची अदलाबदल करणारी क्रिया, आणि झेड म्हणजे कला (फेज) उलटविणारी. पहिली ओळ अशी : एक्स, झेड, झेड, एक्स, आणि पाचव्या क्यूबिटाला स्पर्श नाही. हाच क्रम एकेक घर पुढे सरकवीत गेले की उरलेल्या तीन ओळी मिळतात, आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक तपासणी. आता पहिल्या क्यूबिटात शून्याचे एक आणि एकाचे शून्य झाले, तर केवळ चौथी तपासणी हरकत घेते. त्याच क्यूबिटाची कला उलटली, तर पहिली व तिसरी. आणि दोन्ही बिघाड एकदम झाले, तर पहिली, तिसरी व चौथी. चार तपासण्यांची होय-नाही अशी उत्तरे सोळाच प्रकारे येऊ शकतात. पाच क्यूबिटांपैकी एकावर येणारे तीन-तीन प्रकारचे दोष मिळून पंधरा, आणि निर्दोष अवस्था सोळावी! एकही उत्तर वाया जात नाही, एकाही दोषाला दुसऱ्याच्या आड लपता येत नाही, आणि एवढी चौकशी होऊनही मूळ माहितीचा एक शब्दही कोणास कळत नाही. हा हिशेब ज्याने एकदा कागदावर स्वतः करून पाहिला, त्याला या शास्त्राची गोडी लागल्यावाचून राहणार नाही.

या भाषेचा दुसरा गुण तिचा आटोपशीरपणा. तीस क्यूबिटांची अवस्था सामान्यतः लिहावयाची तर 107 कोटींहून अधिक संख्या लागतात. स्टॅबिलायझरने बांधलेली असेल तर तीस ओळी पुरतात. यातूनच गॉट्समन व इमॅन्युएल निल यांच्या नावाचे प्रमेय निघाले : विवक्षित क्रियांपुरतेच मर्यादित राहिलेले गणित, त्यात क्यूबिट परस्परांत कितीही गुंतलेले असले तरी, साधा संगणकही सुखेनैव करून दाखवितो. क्वांटम संगणकाचे खरे सामर्थ्य केवळ त्या गुंत्यात नाही, हा मोलाचा खुलासा दोषनिवारणासाठी घडविलेल्या भाषेतूनच हाती आला.

गूगलच्या संशोधकांनी 2024 च्या डिसेंबरात ज्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात 49 क्यूबिट माहिती वाहत होते आणि 48 क्यूबिट दर मायक्रोसेकंदाच्या सुमारास अशाच तपासण्या करीत होते. संकेताचा आकार पायरीपायरीने वाढविला तसतसे दोषाचे प्रमाण दर पायरीस निम्म्याहून खाली आले. परंतु तपासणी करणारे क्यूबिट स्वतःच सदोष असताना त्यांच्या जबानीवर भरवसा कितपत ठेवावा, हा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे उत्तर दोषमर्यादेच्या प्रमेयात आहे, आणि त्याचा विचार पुढील लेखांकात करावयाचा आहे.