हळद, लसूण आणि ब्रॉयलरचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यात कुठल्याही शेडवर गेलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. खाद्यातलं अँटिबायोटिक बंद करून हळद-लसूण दिलं तर चालेल का? आज आपण एवढ्या एकाच प्रश्नावर बोलू.

आधी अँटिबायोटिक खाद्यात आलं कसं, ते बघू. अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधन संचालक होते. त्यांच्या काळात तिथे ऑरिओमायसिन सापडलं, १९४८ साली ते जाहीर झालं. हे औषध काढून उरलेला चोथा पिल्लांना घातला तर ती भराभर वाढतात, हे तिथल्याच ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड यांनी १९५० साली दाखवलं. मग निरोगी पक्ष्यालाही रोज थोडं थोडं अँटिबायोटिक द्यायची पद्धत जगभर पडली.

यात गोम अशी, की थोड्या मात्रेत सगळे जंतू मरत नाहीत. जे चिवट असतात ते उरतात आणि वाढतात. विष्ठेतून, पाण्यातून, शेडवर काम करणाऱ्याच्या हातातून ते माणसापर्यंत येतात. म्हणून स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली. माणसाच्या उपचारात अगदी शेवटी राखून ठेवलेलं कोलिस्टिन आपल्या सरकारनेही जुलै २०१९ मध्ये पशुपक्ष्यांसाठी आणि खाद्यासाठी बंद केलं.

आता वनस्पतींकडे येऊ. हळदीत कर्क्युमिन, ओव्यात थायमॉल, मिरीत पिपेरिन असतं. लसणात अॅलिसिन असतं, पण ते पाकळी ठेचल्यावरच तयार होतं. हे घटक आतड्यातल्या त्रासदायक जंतूंना काहीसा आळा घालतात, पाचक रस वाढवायला मदत करतात, उन्हाळ्याचा ताण थोडा कमी करतात. प्रयोगांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. कुठे वजन वाढतं, कुठे फरकच दिसत नाही.

असं का होतं? एक कारण म्हणजे, एका शेतातल्या हळदीत कर्क्युमिन दोन टक्के, तर दुसरीकडच्या हळदीत पाच टक्के असू शकतं. पूड तीच, मात्रा तीच, पण पोटात जाणारं औषध वेगळं. अर्काचा फायदा इथे आहे. चांगल्या अर्कात घटक किती, हे मोजलेलं असतं. बाटलीवर फक्त 'हर्बल' लिहिलंय आणि प्रमाण नाही, तर ती घेऊ नका. आणि एक सांगतो, हळद पाण्यात नीट विरघळत नाही. टाकीत घातली तर तळाशी बसते आणि निपल तुंबतात. ती खाद्यातच मिसळावी लागते.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते धरतो. दोन किलोच्या पक्ष्याने साडेतीन किलो खाद्य खाल्लं, तर एफसीआर १.७५. हळदीने तो १.७० झाला, तर खाद्य लागलं ३.४ किलो. शंभर ग्रॅम वाचलं. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर चार रुपये वाचले. किलोमागे पाच ग्रॅम हळद म्हणजे पक्ष्यामागे १७ ग्रॅम. २०० रुपये किलोने तिचे झाले ३ रुपये ४० पैसे. हातात उरले साठ पैसे. हजार पक्ष्यांमागे सहाशे रुपये. तीन-चार पक्ष्यांची मरतूक झाली की तेही गेले!

करारावर पक्षी पाळणाऱ्यांनी आणखी एक बघावं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, वाचलेलं खाद्यही कंपनीचं. हळद तुमच्या खिशातून गेली, तर त्याबदल्यात एफसीआरचा बोनस तुम्हाला मिळतो का, हे करारात वाचा. आणि विचारल्याशिवाय खाद्यात काही मिसळू नका.

म्हणून माझं सांगणं असं. एकदम सगळ्या शेडला देऊ नका. मध्ये जाळी लावा, पाचशे पक्षी इकडे, पाचशे तिकडे. पिल्लं एकाच लॉटची, जागा सारखी. दर आठवड्याला दोन्हीकडचे पक्षी वजन करा, खाद्य आणि मरतूक वेगळी लिहा. निदान दोन बॅच, एक उन्हाळ्यातली आणि एक पावसाळ्यातली, असं करून बघा.

आणि आपल्याकडच्या पावसात तुसाची गादी ओली झाली, अमोनियाने डोळे चुरचुरायला लागले, तर कुठलाही अर्क रक्ती हगवण थांबवणार नाही. गादी कोरडी, पाणी स्वच्छ, लसीकरण वेळेवर. अँटिबायोटिकची जागा आधी हे घेतं, हळद त्यानंतर. पक्षी खरोखर आजारी पडला तर पशुवैद्यकाला बोलवा. त्याने सांगितलेलं औषध पूर्ण द्या आणि विक्रीआधी थांबायचे दिवस पाळा. तो पक्षी शेवटी आपल्यापैकीच कुणाच्या तरी ताटात येणार आहे.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.