पोलिसांवरील दावे उंबरठ्यावरच कां अडतात?

दिवाणी दावा निकालांत निघाला म्हणजे साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या आणि मग न्यायाधीशांनीं निर्णय दिला, अशीच बहुतेक घरांतून समजूत असते. परंतु एकही साक्षीदार पिंजऱ्यांत उभा न राहतां, नुसता अर्जदावा वाचूनही तो काढून टाकतां येतो. आपल्या १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेंतही तशी तरतूद आहे. अर्जदाव्यांत वादकारणच दिसत नसेल, तर ऑर्डर ७, रूल ११ अन्वयें तो नाकारला जातो. अमेरिकेंत मात्र ही चाळणी एका खटल्यानें फारच बारीक केली, आणि तिचा जाच पोलीस व तुरुंगाधिकाऱ्यांवर दावा आणणाऱ्यांस विशेष होतो.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तेथें शेंकडों मुसलमान परदेशस्थांची धरपकड झाली. त्यांत इक्बाल नांवाचा एक पाकिस्तानी होता. ओळखपत्रांच्या लबाडीचा गुन्हा त्यानें कबूल केला व शिक्षाही भोगली. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती ब्रुकलीनच्या तुरुंगांतील कडेकोट विभागाची. तेथें आपणांस दिवसाचे २३ तास कोंडून ठेवीत, लाथाबुक्क्यांनीं तुडवीत, प्रार्थनाही करूं देत नसत, आणि हें सर्व धर्म व वंश पाहून ठरलेल्या धोरणामुळें झालें, असें त्याचें म्हणणें. त्यानें पहारेकऱ्यांपासून थेट ॲटर्नी जनरल ॲशक्रॉफ्ट व एफ्. बी. आय्. चे प्रमुख म्यूलर यांच्यापर्यंत सर्वांस प्रतिवादी केलें.

अमेरिकेच्या १९३८ च्या नियमांप्रमाणें अर्जदाव्यांत थोडक्यांत व सरळ हकीकत असली म्हणजे पुरे. पुढें २००७ सालीं टेलिफोन कंपन्यांवरील एका दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, हकीकत संभाव्यही वाटली पाहिजे. १८ मे २००९ रोजीं हीच कसोटी इक्बालास लावण्यांत आली. ॲशक्रॉफ्ट हे धोरणाचे मुख्य शिल्पकार, हें वाक्य नुसतें विधान आहे, घटना नव्हे, असें म्हणून पांच विरुद्ध चार मतांनीं या दोन वरिष्ठांवरील अर्जदावा अपुरा ठरला.

आम्हांस खरी अडचण दिसते ती येथें. कोणी कोणास काय हुकूम दिला, हें वादीनें अगोदर लिहावयाचें. पण तो हुकूम असतो खात्याच्या कपाटांत. कागद मागविण्याचा हक्क दावा या चाळणींतून उतरल्यावर मिळावयाचा, आणि चाळणींतून उतरण्यास तेच कागद हवेत! मारणाऱ्या शिपायाच्या बिल्ल्याचा आंकडा ज्यास दिसला नाहीं, त्याचीही गत तीच. उलटपक्षीं, वाटेल त्यानें उठून अधिकाऱ्यांस वर्षानुवर्षें न्यायालयांत खेंचावें, हेंही इष्ट नाहीं. ही भीति बहुमतवाल्यांनीं बोलून दाखविली, व ती अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

मौजेची गोष्ट अशी कीं, २००७ चा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ति सूटर हेच २००९ सालीं विरोधी मत देणारे झाले. हकीकत अगदींच अद्भुत नसेल तर या पायरीवर ती खरी धरूनच चालावें, असें त्यांनीं लिहिलें. आम्हांस त्यांचेंच म्हणणें पटतें.

पहारेकऱ्यांवरील आरोपांचा प्रश्न त्या न्यायालयापुढें नव्हताच. इक्बालाबरोबर दावा आणणाऱ्या एका इजिप्शियन गृहस्थास तर सरकारनें २००६ सालींच ३ लक्ष डॉलर देऊन तडजोड केली होती.